सावलीचा फोटो काढून ठेवा

घरात मोबाईल आला की मुलांचे, बैलांचे, लग्नकार्याचे फोटो निघतात. येत्या थंडीत शेतातल्या सावलीचेही काढून ठेवा.

राजूरच्या शिवारात १८ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीला तेव्हा सावलीच उरत नाही. तीच काठी २२ डिसेंबरला रोवून पाहा. भर दुपारीही तिची सावली जवळजवळ काठीएवढी पडते, आणि ती उत्तरेकडे. वीस हात उंच आंब्याची सावली मग अठरा-एकोणीस हात धरा. सकाळ-संध्याकाळ ती याहूनही लांबते.

आपण रोपे लावतो मिरगात. त्या वेळी दुपारची सावली बुंध्याशीच असते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. गहू-हरभरा मात्र थंडीत उभा असतो. दक्षिणेच्या बांधावरचे झाड आपल्याच हरभऱ्याचे ऊन अडवते, तर उत्तरेच्या बांधावरचे शेजाऱ्याच्या. अशा झाडापायी भावाभावांत अबोला येतो.

म्हणून डिसेंबरात बांधावरच्या जुन्या झाडाचे फोटो घ्या. उभे राहायच्या जागी दगड ठेवा आणि तिथूनच सकाळी नऊ, दुपारी साडेबारा व चार वाजता फोटो काढा. गोठ्याचाही घ्या. गोठ्याच्या दक्षिणेला दाट झाड असेल, तर थंडीत वासरांना ऊन मिळत नाही.

पुढच्या मिरगात हे फोटो आधी शेजाऱ्याला दाखवा, दोघे मिळून जागा ठरवा आणि मगच खड्डा खणा.