रोजचे गिऱ्हाईक

हजीरा हे नाव कानी पडताच आमच्या किनाऱ्यावरील पुष्कळ वाचकांना सुरतेजवळचे, तापीच्या मुखाशी वसलेले बंदर आठवेल. आज आम्ही ज्या हजिऱ्याविषयी लिहीत आहोत, तेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेस, पायथ्यापासून थोड्याच अंतरावर ही वस्ती आहे. हजीरा म्हणजे थडगे व त्याभोवतीचे आवार. अहमदाबादेत राण्यांचा हजिरा आहे, बडोद्यातही एक आहे. ग्वाल्हेरच्या या वस्तीत सूफी संत महंमद घौस यांची दगडी जाळ्यांनी नटलेली प्रशस्त कबर आहे आणि तिच्या शेजारी, एका साध्या चौथऱ्यावर, तानसेनाची लहानशी समाधी आहे. अकबराच्या दरबारचे एक रत्न १५८९ साली निमाले आणि येथे विसावले.

परंतु गाण्यापेक्षा खाण्याविषयी लिहावे असा आमचा आजचा विचार आहे. ग्वाल्हेरची सकाळ कढईतल्या तेलाच्या वासाने सुरू होते. उडदाच्या डाळीचे तिखट सारण भरलेली पुरी, तिला तिकडे बेडई म्हणतात, बटाट्याच्या पातळ रश्शाबरोबर द्रोणात घ्यावयाची आणि उभ्याउभ्याच संपवावयाची. वर जिलबी. तिखटावर लागलीच गोड खाणे आमच्या कोकणी जिभेला प्रथम विचित्र वाटते. दुसऱ्या दिवशी वाटत नाही. कचोरी आणि समोसा तर दिवसभर चालूच असतात. पोह्यांचेही तेथे मोठे प्रस्थ आहे आणि त्याचे काही श्रेय मराठी घरांना द्यावयास आम्हांस संकोच वाटत नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे आपली छावणी स्थिर केली आणि ज्या भागात ती पडली त्यास आजही लष्कर असेच म्हणतात.

लष्कर हा सरदार-दरकदारांचा भाग. हजीरा मात्र कामगारांचा. १९२१ साली घनश्यामदास बिर्ला यांनी ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल सुरू केली. तिच्याभोवती बिर्लानगर उभे राहिले, तेथे रेल्वेचे स्टेशन झाले आणि हजिऱ्याचा चौक भोंग्यावर चालू लागला. पाळी सुटली की माणसांचा लोंढा बाहेर पडे. अशा ठिकाणचे हॉटेल हे चैनीचे स्थान नव्हे. ज्याची बायको-मुले गावी आहेत, ज्याच्या खोलीत चूल नाही, त्याचे ते स्वयंपाकघरच होय.

१९९० नंतरच्या दशकात ही गिरणी बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे न्यायालयात व सरकारदरबारी रेंगाळला. गिरणी बंद पडली की वर्तमानपत्रे किती कामगार बेकार झाले ते मोजतात. त्या कामगारांना जेवू घालणाऱ्यांची गणती सहसा कोणी करीत नाही.

मुंबईच्या गिरणगावात ती गणती एका बाईने केली. लालबाग-परळच्या चाळींतून शेकडो बायका गिरणी कामगारांच्या खानावळी चालवीत. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचे जेवण ठरलेले. १९७३ च्या संपात कामगारांच्या हाती पगार येईना, तरीही या बायकांनी ताट बंद केले नाही. वाण्याकडे उधारी करून, अंगावरचे किडूकमिडूक गहाण टाकून त्या भाकरी थापीत राहिल्या. संप दोन्ही घरांचा होता, पण सभेत नाव एकाच घराचे निघे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, तेव्हा या खानावळींचे रोजचे गिऱ्हाईकही गेले.

हजिऱ्याला दुसरेही एक गिऱ्हाईक आहे. ते वर्षातून एकदा येते. १९२४ पासून शिंद्यांच्या आश्रयाने तानसेनाचा उरूस भरू लागला. तोच पुढे तानसेन समारोह झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी सनई वाजते, ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि त्याच जागी मीलादही होतो. हा क्रम आम्हांला अतिशय प्रिय आहे. एकाच सतरंजीवर दोन्ही ऐकावयास बसलेली माणसे पाहिली म्हणजे पुष्कळ वाद निरर्थक वाटू लागतात. मग काही दिवस देशोदेशीचे रसिक येतात, चहा पितात, कचोऱ्या खातात, छायाचित्रे काढतात आणि गाडी पकडतात.

या पाहुण्यांच्या भुकेची एक खूण तेथेच उभी आहे. समाधीजवळ एक चिंच आहे. तिची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या जो आला त्याने पाने ओरबाडली. मूळ झाड आता नाही. आज दिसते ते त्याच्या जागी वाढलेले पुढच्या पिढीचे झाड. पाहुणा दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याने एकच पान घेतलेले असते. त्याच्यामागे आणखी दहा हजार उभे आहेत, हे त्याला दिसत नाही इतकेच.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव येथे रविवारी पाय ठेवावयास जागा नसते. पाहुणा येतो, सुरमई किंवा पापलेट मागतो, पैसे मोजतो आणि सूर्य बुडाला की निघतो. त्याच्या येण्याने अनेक घरांत चूल पेटते, हे आम्ही जाणतो. त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जाणारी बाई, बांधकामावरचा मजूर, रिक्षावाला यांना बसून बांगड्याचे कालवण व भात खाता येईल असे दुकान किती उरले आहे? पाटीवरचे दर रविवारच्या माणसाच्या खिशावर ठरले, म्हणजे गावच्या माणसाला बाहेर वडापावच उरतो, आणि तोही गाडीवर. पाऊस लागला की पाहुणा चार महिने फिरकत नाही. त्या चार महिन्यांत दुकान कोणाच्या जिवावर चालावयाचे, याचा हिशेब आमच्या हॉटेलवाल्या मित्रांनी मालाच्या यादीबरोबरच मांडावा. आठवड्याचे सहा दिवस एक थाळी गावच्या दरात ठेवली, तर नफा थोडा घटेल. पण गल्ल्यावर बसणाऱ्याला गिऱ्हाईकाचे नाव ठाऊक असेल आणि गिऱ्हाईकाला त्याचे.

हजिऱ्यातील चौक गिरणीवाचूनही चालू आहे. भोंगा नाही, पण कढई आहे. शाळेची मुले, दुकानदार, हमाल, दर्ग्यात दुवा मागून आलेली माणसे तिच्याभोवती जमतात. कोणास त्या बाजूस जावयाचे असेल तर पंजाब मेल मुंबईहून थेट ग्वाल्हेरला नेते. थंडीत जावे. त्या दिवसांत ग्वाल्हेर-मुरैना भागात गजक निघते. मुरैनाच्या गजकेस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गुळाचा पाक खिळ्यावर टांगून ओढतात, तो पांढुरका झाला की भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीने कुटतात, आणि मग आपला तीळगूळ पातळ पापुद्र्यांचा होऊन हाती येतो. मात्र घरी आणल्यावर ती डब्यात जपून ठेवू नये. आपल्या दमट हवेत ती लवकर नरम पडते. आल्या दिवशीच आळीत वाटून टाकावी.