मोरा बंदर आणि ‘म्हणून’ हा शब्द

१/ कारण-परिणाम उलगडणाऱ्या निबंधात सर्वांत जबाबदारीचा शब्द असतो ‘म्हणून’. तो लिहिणे सोपे, सिद्ध करणे अवघड. उरणजवळच्या मोरा बंदराचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. #थ्रेड

२/ मोरा ते भाऊचा धक्का हा उरणकरांचा मुंबईला जाण्याचा जुना जलमार्ग. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यानंतर लाँचचे प्रवासी घटले, तर निष्कर्ष जणू तयारच असतो : ‘सेतू झाला, म्हणून बंदर ओस पडले.’

३/ परंतु त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. एकाच तारखेला दोन गोष्टी घडल्या असता पुढच्या बदलाचे कारण कोणते, हे तारीख सांगू शकत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. कावळ्याने फांदी तोडली असे त्यातून ठरत नाही.

४/ भारतीय तर्कपरंपरेने यासाठी एक कसोटी दिली आहे : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तेथे कार्य दिसावे, कारण नसेल तेथे दिसू नये.

५/ ती येथे लावून पाहावी. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला, १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा. नवी मुंबई रस्त्याने मुंबईला जोडली गेली. तरीही मोऱ्याची लाँच चालूच राहिली. म्हणजे ‘पूल झाला’ एवढे कारण पुरेसे नाही.

६/ मग प्रवासी कोणत्या वाटेने वळतो? अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. मोटार नसलेल्याला तो बसपुरताच उपयोगी. लोकलने जाणाऱ्यास नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. पण तिला भरती-ओहोटीचे बंधन नाही.

७/ आणि लाँचला ते आहे. मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही; फेऱ्या काही तास थांबतात. नोकरीची वेळ मात्र ओहोटीसाठी थांबत नाही. पर्याय नव्हता तोवर प्रवाशाने हे सोसले. पर्याय येताच जुनी गैरसोय निर्णायक ठरू शकते.

८/ म्हणून कारणांची उतरंड मांडावी लागते : गाळ हे मुरलेले कारण, लोकल आणि सेतू ही निमित्ते. निमित्तालाच कारण म्हटले, की मुरलेले कारण निर्दोष सुटते.

९/ हा केवळ निबंधाच्या गुणांचा प्रश्न नाही. ‘सेतूने बंदर संपवले’ असे लिहिले, तर करण्यासारखे काहीच उरत नाही. सेतू कोणी पाडणार नाही. ‘गाळाने प्रवासी दुरावला’ असे लिहिले, तर गाळ किती खोल काढला, किती दिवसांत पुन्हा भरला, हे बंदर प्रशासनाला विचारता येते.

१०/ चुकीचे ‘म्हणून’ उत्तरदायित्व पुसून टाकते. ते लिहिण्यापूर्वी प्रत्येक लेखकाने एवढेच तपासावे : हे कारण पूर्वी होते तेव्हा हा परिणाम झाला होता काय? झाला नसेल, तर वाक्य अजून अपुरे आहे.