सर्व्हर डाऊन कुणासाठी?

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. महाडीबीटी पोर्टलवरील कृषी विभागाच्या योजनांसाठी होणारी ऑनलाइन लॉटरी बंद झाली आणि 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य' हे नवे धोरण आले. वर्तमानपत्रांनी 'शेतकऱ्यांची लॉटरीच्या जाचातून सुटका' अशा थाटात त्याचे स्वागत केले. आपल्यापैकी अनेकांनीही माना डोलावल्या. या मान डोलावण्याविरुद्ध मला लिहायचे आहे.

लॉटरीची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. ट्रॅक्टर, ठिबक, पेरणी यंत्र, विहीर, मोटार यासाठी अर्ज करायचा, 23 रुपये 60 पैसे भरायचे आणि मोबाईलकडे डोळे लावून वर्षानुवर्षे बसायचे, याला कुणीही कंटाळेल. शेतकऱ्यांची तक्रार खरी होती. प्रश्न एवढाच आहे की लॉटरी काढून तिच्या जागी जी रांग आणली, त्या रांगेत सर्वांत पुढे कोण उभा राहणार? आणि आपला माणूस कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे लांब जाऊ. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकाचे तिकीट म्हणजे श्रीमंतांची चैन. 1996 मध्ये तिथे 'रेंट' नावाचे संगीत नाटक आले. नाटक गरीब, बेघर होण्याच्या काठावरच्या तरुणांचे. ते बघायला तसले तरुण यावेत म्हणून पहिल्या दोन रांगांची तिकिटे 20 डॉलरला ठेवली. अट एकच, जो आधी येईल त्याला. झाले काय? लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर मुक्काम ठोकू लागले. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे नाही, ज्याची रात्र मोकळी आहे, तोच सवलतीचा धनी झाला. शेवटी 1997 मध्ये रांग मोडली आणि चिठ्ठ्या टाकून सोडत सुरू केली.

पुढे 'हॅमिल्टन' आले. त्याची दहा डॉलरची तिकिटे नाट्यगृहाच्या दारात सोडतीने निघायची. जानेवारी 2016 मध्ये ही सोडत ऑनलाइन केली. पहिल्याच दिवशी 21 तिकिटांसाठी 50 हजारांहून जास्त अर्ज आले आणि वेबसाइट कोसळली. नाटकवाल्यांनी काय केले? 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगून दार लावून घेतले नाही. यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत सोडत परत फुटपाथवर आणली. दहा डॉलरच्या तिकिटासाठी एवढी शरम त्यांना वाटली.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. करमणुकीचे तिकीट वाटणारे लोक अनुभवातून शिकले की रांग ही सवड असलेल्याची असते, म्हणून रांगेकडून सोडतीकडे गेले. आणि आपले पुरोगामी महाराष्ट्र शासन माणसाच्या पोटाशी संबंधित योजना सोडतीकडून रांगेकडे घेऊन आले! तेही कोणत्या रांगेकडे? डोळ्यांना दिसतच नाही अशा रांगेकडे. फुटपाथवरची रांग निदान दिसते. पुढे किती जण आहेत, मध्येच कोण घुसला, हे कळते. सर्व्हरवरची रांग फक्त सर्व्हरला दिसते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले दोन शेतकरी समजा. दोघेही अनुसूचित जातीचे, दोघांचीही जमीन कोरडवाहू. पहिल्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पोर्टल सुरू झाल्याची बातमी त्याला व्हॉट्सॲपवर मिळते. रात्री अकराला, वर्दळ कमी असताना तो लॅपटॉप उघडतो, बापाला फोन करून ओटीपी विचारतो आणि दहा मिनिटांत अर्ज भरून मोकळा होतो. दुसरा सोयाबीनच्या रानात रोजंदारीवर आहे. त्याला बातमी कळते आठवड्याने. रोज बुडवून तो तालुक्याच्या सेवा केंद्रावर जातो. तिथे ऐकतो, सर्व्हर डाऊन आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोज बुडवतो. सर्व्हर चालू, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना, सिम कधीच बंद पडलेले. ओटीपी जातो कुठे तर हवेत. तिसऱ्या दिवशी नंबर बदलायला आधार केंद्र. नंतर कळते की आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही. एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे नाही. हे सगळे निस्तरून त्याचा अर्ज दाखल होतो तेव्हा पहिल्याच्या आणि त्याच्या अर्जात महिन्याचे अंतर पडलेले असते.

लॉटरीत या दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात पडल्या असत्या. अर्ज मुदतीत आला एवढे पुरे होते. तो पहिल्या दिवशी आला की शेवटच्या, याला किंमत नव्हती. आता तो महिनाच निकाल ठरवतो. म्हणजे सर्व्हर बंद पडणे ही कालपर्यंत गैरसोय होती, आज ती निवडीचा निकष झाली आहे. ही गोष्ट तांत्रिक नाही, बांधवांनो, राजकीय आहे.

कुणी म्हणेल, अनुसूचित जातींचा निधी वेगळा असतो, मग सवर्णांशी स्पर्धा येते कुठे? बरोबर आहे. म्हणूनच वरच्या उदाहरणात मी दोघेही आपलेच घेतले. राखीव वाटा आपल्याला मिळाला म्हणून काम संपले असे समजणे ही आपली जुनी चूक आहे. त्या वाट्याच्या आतही ज्याच्या घरात शिकलेला पोरगा आहे, ज्याच्या हातात चांगला मोबाईल आहे, तो पुढे. आणि ज्याच्यासाठी वाटा राखला तो, रोजंदारीवरचा, विधवा बाई, अंगठे झिजलेला म्हातारा, हे मागे. पहिल्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या मुलाने शिकावे म्हणूनच तर बाबासाहेब झिजले. राग आहे तो या दोघांना शर्यतीत उभे करून त्या शर्यतीला 'पारदर्शकता' म्हणणाऱ्यांवर.

आणखी एक पायरी खाली उतरा. 15 एप्रिल 2025 पासून, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवसापासून, कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. हा आयडी कुणाला मिळतो? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. मग जो गायरान कसतो त्याचे काय? 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित, आदिवासी, भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 मध्येच घेतला. मराठवाड्यात कित्येक कुटुंबे तीस-चाळीस वर्षे तीच जमीन कसत आहेत, पण सातबाऱ्यावर नाव चढलेले नाही. नाव नाही म्हणून आयडी नाही, आयडी नाही म्हणून अर्ज नाही. या माणसासाठी सर्व्हर कधी डाऊन होत नाही, कारण तो त्याच्यासाठी कधी चालूच झालेला नाही.

जमीन नावावर असली तरी प्रश्न संपत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेचे नाव मोठे. पण तिच्यातून नवीन विहीर हवी असेल तर किमान 0.40 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. बापाच्या दोन एकरांचे तीन भावांत वाटे झाले की प्रत्येकजण त्या अटीखाली जातो. ट्रॅक्टरला आपल्याला 50 टक्के किंवा सव्वा लाख, यापैकी जे कमी असेल तेवढे अनुदान. तेही आधी खरेदी करा, बिल चढवा, मग खात्यावर. उरलेले लाखो रुपये कोण देणार? बँक की सावकार? सवलत ही नेहमी अशाच माणसाला परवडते ज्याच्याकडे उरलेली रक्कम असते.

आपल्या जिल्ह्याला एक आठवण आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले होते. महार-मांग वतनदारांची परिषद होती. निजामाच्या राज्याच्या सावलीत, ज्यांच्या हाती जमीन नावापुरती आणि वेठ पिढ्यान् पिढ्यांची, अशा माणसांचा प्रश्न घेऊन ते आले. बैलगाडीतून त्यांची मिरवणूक निघाली. आजही लोक ती जागा दाखवतात. त्या परिषदेत कुणी नशिबाची चिठ्ठी मागितली नव्हती आणि रांगेत पुढचा नंबरही मागितला नव्हता. मागणी हक्काची होती.

मुद्दा तोच आहे. नाटकाचे तिकीट नाही मिळाले तर माणूस घरी जाऊन झोपतो. विहीर नाही मिळाली तर ऊसतोडीला जातो, लेकरांची शाळा सुटते. करमणुकीची सोडत होऊ शकते, हक्काची नाही. आणि निधी कमी आहे म्हणून क्रम लावावाच लागत असेल, तर तो गरजेने लावा, इंटरनेटच्या वेगाने नको.

म्हणून फक्त 'लॉटरी परत आणा' अशी मागणी करून चालणार नाही. आपल्या मागण्या नेमक्या हव्यात:

एक, अर्जासाठी ठरावीक मुदत ठेवा आणि त्या मुदतीत आलेले सगळे अर्ज एकाच दिवशी आले असे माना. त्यांचा क्रम कमी जमीन, भूमिहीनतेचा इतिहास, एकल महिला, आधी किती वेळा अर्ज नाकारला गेला, यावर लावा. समान गरजेच्या अर्जांतच सोडत काढा आणि ती लोकांसमोर काढा.

दोन, पोर्टल जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप वाढली पाहिजे. बंद पडल्याची नोंद जाहीर करा.

तीन, ग्रामपंचायतीत कागदावरचा अर्ज घ्या, शिक्का मारून पोच द्या. त्या पोचेची तारीख हीच अर्जाची तारीख.

चार, निवड झाल्याचे फक्त एसएमएसवर कळवू नका. यादी चावडीवर लावा आणि वस्तीतही लावा.

पाच, गायरानधारकांची नावे सातबाऱ्यावर चढेपर्यंत त्यांना तात्पुरता आयडी द्या.

यातली एकही मागणी खर्चाची नाही. न्यूयॉर्कचा नाटकवाला जे एका दिवसात करू शकला ते करायला शासनाला इच्छा लागते, बाकी काही नाही.

तोपर्यंत आपल्या शिकलेल्या पोरांना एकच विनंती. स्वतःच्या बापाचा अर्ज भरून झाला की लॅपटॉप मिटू नका. वस्तीत जा. शेजारच्याचा आधार, सातबारा, मोबाईल नंबर तपासा. ज्याचा अर्ज अडकला त्याचे नाव, तारीख आणि कारण वहीत लिहा. अशा शंभर नोंदी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर गेलो, तर सर्व्हर डाऊन आहे हे उत्तर तिथे चालणार नाही.

जय भीम!