आवडत्या पुस्तकांचे पारायण आणि पुनर्वाचन

आपल्या दिवाळी अंकांत, गौरवग्रंथांत आणि ग्रंथालयांच्या स्मरणिकांत एक लेखनप्रकार आता चांगलाच स्थिरावला आहे. त्याला ‘माझी आवडती पुस्तके’ असे नाव देता येईल. त्यातील यादी सहसा ठरलेली असते. बालपणी ‘श्यामची आई’, ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’; पुढे ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’, ‘कोसला’. प्रत्येक पुस्तकाविषयी चार-दोन ओळी असतात आणि शेवटी एक हमखास विधान येते : ही पुस्तके मी आजही पुन्हा पुन्हा वाचतो. माझा आक्षेप यादीला नाही. या अखेरच्या विधानाला आहे. ते बहुतेक वेळा खरे नसते.

ते खरे नसते हे ओळखावे कसे? लेखातील पुराव्यावरूनच. पुस्तक ज्या माळ्यावर सापडले तो माळा, ज्या कंदिलाच्या उजेडात वाचले तो कंदील, ते आणून देणारा मामा या सर्वांचे वर्णन लेखात असते. मात्र पुन्हा वाचताना कोणते वाक्य अडले, कोणता प्रसंग पूर्वी ध्यानातच आला नव्हता, कोणत्या पात्राविषयीचे मत बदलावे लागले, याचा निर्देश नसतो. ज्याने पुस्तक खरोखर पुन्हा उघडले आहे त्याला निदान एका ठिकाणी तरी आपल्या स्मरणाशी विसंवाद जाणवतोच. तो विसंवाद ज्या लेखात नाही तो पुस्तकाविषयीचा लेख नव्हे, स्वतःच्या बालपणाविषयीचा लेख होय.

असे लेख निरुपद्रवी असतात, समीक्षेने त्यांची दखल घ्यावी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अभिजाततेचा निर्णय आपल्याकडे पुष्कळदा अशाच याद्यांतून होतो. अभ्यासक्रमात कोणते पुस्तक लावायचे, शालेय ग्रंथालयासाठी काय विकत घ्यायचे, बालसाहित्याच्या इतिहासात कोणाला किती पृष्ठे द्यायची, या सर्व ठिकाणी तीच नावे त्याच विशेषणांसह अवतरतात. विद्यापीठीय समीक्षाही याला अपवाद नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चा आपण उदंड केली. परंतु एकच वाचक दहाव्या वर्षी आणि चाळिसाव्या वर्षी एकच संहिता वाचतो तेव्हा नेमके काय बदलते, या प्रश्नाला आपण आस्वादक गप्पांच्या कोपऱ्यात ढकलले.

रोलाँ बार्थ याने ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात पुनर्वाचनाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. वाचून झाले की पुस्तक टाकून द्यावे आणि दुसरे विकत घ्यावे, अशी शिकवण देणाऱ्या समाजात पुनर्वाचन ही विपरीत गोष्ट ठरते. ती फक्त मुले, वृद्ध आणि प्राध्यापक यांनाच माफ असते, असा त्याचा आशय आहे. मुले आजही तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतात. वृद्ध आजही जुनी पोथी काढून बसतात. प्राध्यापकांनी मात्र आपली ही सवलत सोडून दिलेली दिसते.

हा विचार आपल्याला परका आहे असेही नाही. अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अनुशीलनाला आणि अभ्यासाला मध्यवर्ती स्थान दिले. मनाचा आरसा स्वच्छ होतो तो एका वाचनाने नव्हे, पुनःपुन्हा केलेल्या परिशीलनाने. पण आपल्याकडे पुनरावृत्तीची आणखी एक परंपरा आहे, आणि ती म्हणजे पारायण. पारायणात ग्रंथ निश्चित असतो, त्याचे फळ निश्चित असते आणि वाचकाने शरण जावे अशी अपेक्षा असते. भक्तीच्या क्षेत्रात ते उचितच आहे. साहित्याच्या क्षेत्रात मात्र पारायण आणि पुनर्वाचन यांतील भेद पुसला गेला की समीक्षा संपते. आपण आवडत्या पुस्तकांची पारायणे करतो आणि त्यांना पुनर्वाचन म्हणतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या तक्रारीत मी स्वतःही आरोपी आहे. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी अशाच प्रकारचा लेख लिहिला होता आणि त्यात ‘श्यामची आई’चा गौरव केला होता. पुढे एम. ए.च्या वर्गात त्याच पुस्तकातील ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण शिकवण्याची वेळ आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एका म्हातारीची लाकडांची मोळी रस्त्यात खाली पडलेली आहे आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई त्याला ते काम करायला पाठवते. माणुसकीचा हा धडा मी माझ्या बालपणीच्या स्मरणातून मोठ्या तन्मयतेने सांगितला. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, आंघोळीचं काय?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने पान काढून दाखवले. लोक नावे ठेवतील या मुलाच्या भीतीवर आईने तोडगा सांगितला आहे : घरी येऊन आंघोळ करायची. तो विद्यार्थी पुढे एवढेच म्हणाला की त्याची आजी मोळ्या विकायची.

ही आंघोळ मी दहाव्या वर्षी वाचली नव्हती असे नाही. ती माझ्या लेखी घडलीच नव्हती. माझ्या घरात ती इतकी स्वाभाविक होती की तिची नोंद घेण्याचे कारण पडले नाही. त्या विद्यार्थ्याला पहिल्याच वाचनात जे दिसले ते दिसायला मला तीस वर्षे आणि त्याचा प्रश्न लागला. म्हणजे ‘बालपणीचे आवडते पुस्तक’ असे आपण ज्याला म्हणतो ते त्या त्या घराने, जातीने आणि शाळेने अगोदरच चाळून दिलेले पुस्तक असते. स्मरणावर विसंबून केलेला गौरव हा पर्यायाने त्या चाळणीचाच गौरव ठरतो.

यावर दोन सोपी उत्तरे संभवतात. पहिले भक्तांचे : एवढ्या थोर पुस्तकात आंघोळ काय शोधता? दुसरे खंडनकर्त्यांचे : आंघोळ सापडली, आता पुस्तक निकालात काढा. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे न वाचणाऱ्यांची आहेत. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना बेचाळीस रात्रींची आहे. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना आपले बालपण सांगतो आहे. म्हणजे हे मुळात बालपणाचे पुस्तक नसून प्रौढाने केलेले बालपणाचे पुनर्वाचन आहे. सांगणारा श्याम आणि मोळी उचलणारा श्याम एक नव्हेत, आणि या दोघांतील अंतर हा या संहितेचा खरा ताण आहे. लेखकाने पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणान्तिक उपोषण केले. अशा लेखकाला ती आंघोळ गाळता आली असती. त्याने ती गाळली नाही.

आता प्रश्न असा उरतो की ती आंघोळ आईची श्रद्धा आहे, की मुलाला लोकांच्या तोंडातून वाचवण्याची युक्ती? रूढी मोडायची, पण ती मोडली असे दिसू द्यायचे नाही, असा गृहिणीच्या मर्यादेतील व्यवहार आहे, की करुणा आणि विटाळ एकाच मनात सुखाने नांदू शकतात याची नकळत दिलेली कबुली? आणि ज्या म्हातारीला मदत झाली तिला ही आंघोळ कळली असेल तर तिच्या लेखी त्या मदतीचे काय झाले? या प्रश्नांची एकमुखी उत्तरे संहिता देत नाही, आणि म्हणूनच ती पुन्हा वाचण्याच्या योग्यतेची आहे. अश्रूंमुळे नव्हे. अश्रूंसाठी १९५३ चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट आणि पाठ्यपुस्तकांतील वेचे पुरेसे आहेत. आपल्या स्मरणातील ‘श्यामची आई’ बहुतांशी त्यांचीच बनलेली आहे.

एका पुस्तकावरून सिद्धान्त मांडू नये, म्हणून दुसरे घेऊ. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद ‘पाडस’ आमच्या पिढीतील अनेकांनी शाळकरी वयात वाचला. तेव्हा सगळी सहानुभूती ज्योडीकडे आणि त्याच्या हरणाकडे जाते. पाडसावर गोळी झाडणारी आई निर्दय वाटते. मोठेपणी वाचताना नजर उगवत्या पिकावर जाते. ते पीक गेले तर घर उपाशी राहणार आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. या बाईची कितीतरी मुले यापूर्वीच मेलेली आहेत, ही माहिती पहिल्या वाचनात डोळ्यांखालून तशीच निघून गेलेली असते. तिचा कोरडेपणा हा तिचा स्वभाव नसून त्या मृत्यूंचा हिशेब आहे, हे कळले की कादंबरीचा गुरुत्वमध्यच सरकतो. शब्द तेच आहेत, वाचकाची बाजू बदलली आहे.

प्रत्येक आवडते पुस्तक या कसोटीला असेच उतरेल असा माझा दावा नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी अलीकडे पुन्हा वाचला. त्यात अर्थाचा नवा थर उघडला नाही. फुरसुंगीचा तो पोरगा होता तसाच भेटला. पण वाक्यांची चपळाई आणि संवादांचा नेमकेपणा मला आता लेखकाचे कौशल्य म्हणून दिसला. लहानपणी तो केवळ वेग म्हणून जाणवला होता. ही योग्यता वेगळ्या जातीची आहे आणि ती वेगळी म्हणूनच सांगितली पाहिजे. याउलट काही लाडकी पुस्तके पन्नास पानांपलीकडे मला वाचवली नाहीत. त्यांचे ऋण मी मान्य करते. परंतु ऋण आणि मूल्य या दोन गोष्टी आहेत. स्मरणरंजन त्या दोन्ही एकच करून टाकते.

आजच्या मूल्यांनी कालची पुस्तके तपासणे अनैतिहासिक आहे, हा आक्षेप उरतो. पुनर्वाचनावर तो लागू होत नाही. कालचे पुस्तक कालच्या संदर्भात ठेवायचे तर ते आधी उघडावे लागते. १९३३ चा संदर्भ मला पुस्तकात परत गेल्यावरच सापडला, आठवणीत तो नव्हता. खरी अनैतिहासिक वृत्ती स्मरणाची आहे, कारण ते पुस्तकाला आपल्या बालपणाच्या तारखेवर गोठवून ठेवते.

तेव्हा मागणी साधी आहे. ‘मी हे पुस्तक पुन्हा वाचतो’ असे जो लिहील त्याने शेवटचे केव्हा वाचले आणि त्या वाचनात आपण कोठे चुकलेले आढळलो, हे सांगावे. संपादकांनी ते विचारावे. आणि आपण शिक्षकांनी वर्गात जाण्यापूर्वी, कितीही पाठ असले तरी, ते प्रकरण पुन्हा एकदा वाचावे. मी ते वाचले नव्हते. ते एका विद्यार्थ्याने वाचले होते, आणि त्याचा प्रश्न माझ्या स्मरणिकेतील लेखापेक्षा अधिक चांगली समीक्षा होता.