वगळलेल्या माणसाचे काय होते?

वाचकहो, बीटल्स हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरातले चार तरुण. गिटार आणि ड्रम वाजवून, गाऊन त्यांनी 1960 नंतरच्या दशकात जगाला वेड लावले. त्या चौघांची नावे पाठ असणारे आजही भेटतात. परंतु रिंगो स्टारच्या आधी दोन वर्षे या बँडमध्ये ड्रम वाजवणारा पीट बेस्ट फारसा कुणाला ठाऊक नसतो. आज त्याच्याविषयी सांगायचे आहे.

पीटचा जन्म 1941 साली आपल्याच देशात, मद्रासला झाला. चार वर्षांनी कुटुंब लिव्हरपूलला गेले. आई मोना मोठी हिमतीची बाई. तिने 1959 साली राहत्या घराच्या तळघरात तरुणांसाठी ‘कासबा’ नावाचा कॉफी क्लब काढला. जॉन, पॉल आणि जॉर्ज तिथे वाजवत असत. ऑगस्ट 1960 मध्ये त्यांना जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात काम मिळाले, तेव्हा ड्रमवाला म्हणून पीटला सोबत घेतले. तिथल्या क्लबांत या मुलांनी तासन्‌तास उभे राहून, रात्री जागून वाजवले. बँड घडला तो त्या मेहनतीतून, आणि त्या मेहनतीत पीटचाही वाटा होता.

16 ऑगस्ट 1962 रोजी बँडचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांनी पीटला कचेरीत बोलावले आणि सांगितले, की तुझ्या जागी रिंगो येणार. पीट तेव्हा वीस वर्षांचा होता. रेकॉर्डिंग करणारे जॉर्ज मार्टिन त्याच्या वाजवण्यावर खूश नव्हते, हे खरे. पण दोन वर्षे एका ताटात जेवलेल्या त्या तीन मित्रांपैकी एकही जण त्या वेळी समोर नव्हता. माणसाला कामावरून काढावे लागते, हे एक वेळ समजू शकते. परंतु तोंडावर सांगण्याइतकी माणुसकी तरी असावी की नाही?

दोनच महिन्यांनी ‘लव्ह मी डू’ ही तबकडी निघाली. 1964 साली बीटल्सने अमेरिका जिंकली. पीट दुसऱ्या बँडमधून धडपडत होता, पण जम बसेना. ज्यांच्यासोबत वाजवले, त्यांचेच फोटो रोज वर्तमानपत्रात. एकदा तर निराशेच्या भरात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. आई आणि भाऊ वेळेवर धावून आले, म्हणून तो वाचला.

पुढे त्याने बेकरीच्या गाड्यांत पाव भरण्याचे काम केले. आठवड्याला पगार आठ पौंड. संसार होता, लाज धरून चालणार नव्हते. नंतर त्याचे शालेय शिक्षण कामी आले. त्या शिक्षणाच्या बळावर त्याला लिव्हरपूलच्या सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी लागली. ज्याची स्वतःची जागा गेली होती, तोच आता बेकारांना काम मिळवून देऊ लागला! ती नोकरी त्याने सुमारे वीस वर्षे केली आणि बढती मिळवत प्रशिक्षण विभागाचा व्यवस्थापक झाला.

1988 साली तो पुन्हा ड्रमवर बसला. 1995 मध्ये बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला, त्यात पीटने वाजवलेली गाणी होती. तेहतीस वर्षांनी त्याला त्याच्या घामाचे मोल मिळाले. 2025 साली, वयाच्या 83 व्या वर्षी, त्याने वादनातून निवृत्ती घेतली.

अमेरिकेतल्या जेसन एव्हरमनचेही असेच. निर्वाणा या बँडच्या ‘ब्लीच’ या पहिल्या अल्बमचा 606 डॉलरचा खर्च त्याने खिशातून भरला होता. 1989 साली तो त्या बँडबाहेर झाला. पुढच्याच वर्षी साउंडगार्डनमधूनही वगळला गेला. दोन्ही बँड नंतर जगप्रसिद्ध झाले. जेसन 1994 साली सैन्यात भरती झाला, इराक आणि अफगाणिस्तानात लढला. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला बसला. 2013 साली, पंचेचाळिशीत, त्याने तत्त्वज्ञानाची पदवी घेतली.

जग या दोघांना ‘नशीब हुकलेले’ म्हणते. मला ते पटत नाही. बँडच्या यादीतून नाव खोडता येते. पण शिकलेले कोणी काढून घेऊ शकत नाही आणि कष्टाची सवयही कोणी हिरावू शकत नाही. वीस वर्षे इमानाने केलेली नोकरी हा काही पराभव नव्हे.

आपल्या घरातही एखादा मुलगा क्रिकेटच्या संघातून, एखादी मुलगी नाटकातून वगळली जाते. पडलेल्या चेहऱ्याने ते मूल दारात उभे राहते. त्या क्षणी ‘तुझ्यातच काही कमी असेल’ असे म्हणू नका. आधी जवळ बसवून जेवू घाला. पीटची आई आणि भाऊ त्या दिवशी जवळ होते, म्हणून पुढची सारी वर्षे त्याला मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या हातात पुस्तक द्या.