या मुलांचा वाली कोण?

बावधनहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळीत आहोत. त्यांची नऊ वर्षांची मुलगी मुलांसाठी असलेल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात काम करण्यासाठी निवडली गेली. घरात आनंदीआनंद झाला, शाळेत पेढे वाटले गेले, सोसायटीच्या गणेशोत्सवात तिचा सत्कारही झाला. चित्रीकरण मुंबईस होते. सकाळी आठाच्या ठोक्याला हजर राहावयाचे म्हणून मायलेकी पहाटे चार वाजता चांदणी चौकातून निघाल्या. रंगभूषा होऊन मुलगी नऊ वाजता तयार झाली, आणि तिचे पहिले दृश्य घेतले गेले ते दुपारी साडेतीन वाजता. मधला सारा वेळ ती पोर पोशाख चुरगळू नये म्हणून खुर्चीच्या कडेला ताठ बसून होती. मग रडण्याचा प्रसंग आला. मुलीला काही केल्या रडू येईना. तेव्हा तेथल्या एका सहायकाने तिच्या कानात सांगितले की, तुझी आई तुला येथेच टाकून पुण्यास निघून गेली. मुलीने हंबरडा फोडला. दृश्य उत्तम वठले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आई दहा पावलांवर आडोशाला उभी होती आणि बोलू नका अशी तिला खूण करण्यात आली होती. परतीच्या प्रवासात पुण्यापर्यंत मुलीने आईचा हात सोडला नाही. या भगिनी आम्हांस विचारतात : त्या क्षणी मी पुढे का झाले नाही? आणि आता पुढच्या महिन्याचे बोलावणे आले आहे, तर मुलीला पाठवू की नको?

हे पत्र वाचून आम्ही अस्वस्थ झालो. परंतु आश्चर्य मात्र वाटले नाही. पत्रकारितेत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता, तो मालिकांत काम करीत असे. आठ-आठ दिवस गैरहजर राहून तो वर्गात येई आणि तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपी जाई. प्रश्न विचारला की दचकून उठे आणि प्रथम हसे. फार गोड हसे. उत्तर येत नसतानाही हसे. पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आले की, कोणी मोठा माणूस आपल्याकडे पाहू लागला की हसावयाचे, एवढेच त्याला पढविण्यात आले होते. त्याचे ते हसू आम्ही विसरू शकलो नाही.

मुलांनी अभिनय करू नये असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणारा मराठी माणूस करंटाच ठरेल. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यात श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि साक्षेपी नाट्यसमीक्षक म्हणून ओळखले गेले. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा महाराष्ट्र हळहळला, तो त्या दोन्ही ओळखींसाठी. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ उभे केले, सुलभा देशपांडे यांनी ‘चंद्रशाळे’त मुलांच्या पिढ्या घडविल्या. नाटकात काम केल्याने मूल धीट होते, त्याची वाणी स्वच्छ होते, चारचौघांबरोबर वागावे कसे हे त्याला कळते. तथापि हौसेची तालीम वेगळी आणि दिवसाच्या हिशेबाने चालणारा धंदा वेगळा. तालमीत मूल कंटाळले तर तालीम थांबते. सेटवर मूल कंटाळले तर दिवे, कॅमेरे आणि पन्नास माणसांची मजुरी खोळंबते. आणि म्हणून तेथे मुलाला कंटाळण्याची मुभाच उरत नाही.

ही व्यथा आजची नाही. १९४२ साली मास्टर दीनानाथ निवर्तले तेव्हा त्यांची थोरली मुलगी तेरा वर्षांचीही नव्हती. संसाराचा भार पेलण्यासाठी ती त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात उभी राहिली. अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, हे लताबाईंनी पुढे अनेकदा बोलून दाखविले. त्यांच्या गळ्याने त्यांना त्यातून सोडविले. प्रत्येक मुलाजवळ तसा गळा नसतो. मुलग्यांच्या भूमिकांतून लहानपणी ‘मास्टर सूरज’ म्हणून गाजलेल्या अभिनेत्री सारिका यांना शाळेत जाणे लाभलेच नाही. आणि डेझी इराणी यांनी जे २०१८ साली जगापुढे सांगितले ते तर ऐकवत नाही. १९५०च्या दशकात अवघा देश ज्या चिमुरडीच्या खोड्यांवर लुब्ध होता, तिच्यावर सहाव्या वर्षी मद्रासच्या चित्रीकरणाच्या काळात अत्याचार झाला, आणि तो करणारा इसम तिचा सांभाळ करण्यासाठीच सोबत पाठविलेला होता. कुंपणच शेत खाऊ लागले तर पिकाने कोणाकडे पाहावे? हे सांगावयास त्या बाईंना सहा दशके लागली, यावरूनच पडद्यामागचा अंधार किती दाट असतो याची कल्पना यावी.

पाश्चात्य देश या बाबतीत आपल्याहून शहाणे होते असे नव्हे. त्यांना ठेच आधी लागली, इतकेच. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ मधील ‘द किड’ने जगाचा लाडका झालेला जॅकी कूगन वयात आला तेव्हा त्याच्या बालपणीच्या लक्षावधी डॉलरच्या कमाईपैकी फारच थोडे शिल्लक होते, बाकीचे आई आणि सावत्र वडिलांच्या हाती खर्ची पडले होते. त्याने आईवर दावा लावला, आणि त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणाचा कायदा झाला. पैसा काही अंशी वाचला. मुले वाचली का? २०२४ साली ‘क्वाएट ऑन सेट’ या माहितीपट-मालिकेने अमेरिकेतील ‘निकलोडियन’ या मुलांच्या वाहिनीच्या पडद्यामागची कहाणी उघड केली. तेथे संवाद पढविणाऱ्या एका इसमाला बालकलाकाराच्या लैंगिक शोषणाबद्दल २००४ सालीच तुरुंगवास झाला होता. तो मुलगा कोण होता, हे जगाला कळण्यास वीस वर्षे जावी लागली. मुलांना हसविण्यासाठी निघालेल्या कार्यक्रमात मुलेच रडत होती, आणि घरोघरची मुले ते पाहून हसत होती.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात कायदा नाही असे कोणी समजू नये. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यावर सरसकट बंदी आली. मात्र चित्रपट, मालिका, जाहिराती यांतील बालकलाकारांना, त्यांच्या शिक्षणास बाध येणार नाही या अटीवर, सूट देण्यात आली. २०१७च्या नियमांनी त्या सुटीला मर्यादा घातल्या. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही. विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांहून अधिक नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून मुळीच नाही. कमाईचा निदान पाचवा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत गेला पाहिजे. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमली पाहिजे. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामास उभे करता कामा नये. एवढेच नव्हे, तर चित्रीकरणात मुलाचे शोषण वा हेळसांड झाली नाही, असे निवेदनही पडद्यावर दाखविले पाहिजे.

नियम वाचावयास उत्तम आहेत. परंतु त्या बावधनच्या मुलीच्या कानात जे सांगितले गेले ते यांपैकी कोणत्या नियमाने अडविले असते? साडेसहा तास ताठ बसणे हे काम की विश्रांती, याचा निवाडा सेटवर कोणी करावयाचा? ती जबाबदार व्यक्ती नेमणार कोण? निर्माता. तिचा पगार देणार कोण? निर्माता. चित्रीकरण लांबले तर तोटा कोणाचा? निर्मात्याचाच! मग तीच व्यक्ती पुढे होऊन ‘पुरे, पोर दमली’ असे म्हणेल, ही अपेक्षा भाबडेपणाची नव्हे काय? सर्व निर्माते दुष्ट असतात असे आम्ही म्हणत नाही. मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे वागविणारी माणसे या व्यवसायात पुष्कळ आहेत. पण मुलांची सुरक्षितता कोणाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणे हा कायद्याचा मार्ग नव्हे.

शिवाय परवानगी द्यावयाची ती चित्रीकरण जेथे होते त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने. मूल राहते बावधनला, शिकते पुण्यात, राबते मुंबईत. मुळशी तालुक्यातील हे बावधन २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आले. परंतु तेथून मुंबईस कामाला जाणाऱ्या मुलाची नोंद पुण्याच्या कोणत्याच दप्तरी होत नाही. शाळेला कळते ते रजेच्या चिठ्ठीवरून. आणि सलग २७ दिवस मूल कामावर ठेवण्यास जो नियम मुभा देतो, त्याच्या कर्त्यांनी शाळेचे वेळापत्रक शेवटचे केव्हा पाहिले होते, असा प्रश्न आमच्यातील जुन्या शिक्षकाला पडल्यावाचून राहत नाही.

दुसरे न्यून याहून मोठे आहे. या नियमांचे छत्र वयाच्या चौदाव्या वर्षी मिटते. २००८ साली कोलकात्यातील सोळा वर्षांच्या एका मुलीची, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत परीक्षकांनी केलेल्या जाहीर टीकेनंतर, वाचा गेली आणि हातपाय लुळे पडले, असे तिच्या पालकांनी सांगितले होते. उपचारासाठी तिला बंगळूरला न्यावे लागले. देश हादरला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने पुढे मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२२ साली नवा मसुदाही आणला. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे उपदेश. आणि ज्या बाजारात प्रत्येक मिनिटाला मोल आहे तेथे उपदेशाला कोण विचारतो?

मग आईबापांचे काय? त्यांना दोष देणे सोपे आहे. मुलाच्या कमाईवर डोळा ठेवणारे पालक असतात, आपली अपुरी राहिलेली हौस मुलाकडून पुरवून घेणारे त्याहून अधिक असतात. परंतु आमच्या पत्रलेखिका त्यांतल्या नाहीत. आपण ‘नाही’ म्हटले तर मुलीची संधी जाईल, दहा जणी रांगेत उभ्या आहेत, या एका भीतीने त्यांचे तोंड बंद केले. आणि ती रांग कोणी लावली? आपणच. लहान तोंडी मोठ्यांचा घास घातला की टाळ्या पिटणारे प्रेक्षक आपण. त्या टाळ्यांचे छायाचित्र कौतुकाने छापणारी वृत्तपत्रेही आपलीच. आमच्या पानांनीही ‘चिमुकल्या ताऱ्यां’ची कोडकौतुके पुष्कळ पुरविली. त्या ताऱ्यांनी त्या दिवशी जेवण केव्हा केले, हे आम्ही कधी विचारले नाही. हा दोष आम्ही पदरी घेतो.

येथे पुणेकरांना एक आठवण द्यावीशी वाटते. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळ पुण्यात रुजली. त्या नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात, आणि प्रेक्षागृहातील मुले त्यांत तल्लीन होतात. मुलांच्या करमणुकीसाठी मुलांनाच राबविले पाहिजे असे नाही, हे या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे.

राज्य सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या परवानग्यांची संख्या आणि त्यांच्या अटी जनतेपुढे ठेवाव्यात. मुलांची नावे अर्थातच गुप्त राहावीत. परवानगीची प्रत मुलाच्या शाळेस आणि राहत्या जिल्ह्यास पोचावी. सेटवरील जबाबदार व्यक्ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाने नेमावी, तिचे वेतन निर्मात्यांकडून शुल्क घेऊन सरकारने द्यावे, आणि काम थांबविण्याचा अधिकार तिला असावा. थांबण्यात घालविलेला वेळ कामाच्या तासांतच धरावा. फसवून वा भेडसावून मुलाला रडविणे हा दंडनीय गुन्हा ठरावा. ग्लिसरिन काही इतके महाग झालेले नाही! आणि हे सारे संरक्षण अठरा वर्षांपर्यंत लागू करण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

राहिला त्या भगिनींचा प्रश्न. पाठवू की नको, हे आम्ही कोण सांगणार? पण जाण्यापूर्वी त्यांनी परवानगीचा कागद मागावा, तासांचा हिशेब मागावा, बँकेची पावती मागावी. आणि मुलगी डोळ्यांआड होणार असेल तर त्या क्षणी काम थांबवावे. हे विचारल्याने संधी गेली तर ती जाण्याच्याच लायकीची होती असे समजावे. मात्र सर्वांत आधी मुलीला जवळ बसवून विचारावे की, बाळ, तुला पुन्हा जावेसे वाटते का? ती ‘नाही’ म्हणाली तर तिचा शब्द प्रमाण मानावा. तो प्रश्न तिला आजवर कोणीच विचारलेला नाही.