जेडची किंमत विचारण्याआधी

घरात हिरव्या दगडाची एखादी बांगडी, डबी किंवा मूर्ती असेल आणि ती जेडची आहे असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर एक विनंती आहे. तिचे किती येतील, हे लगेच विचारत सुटू नका. आधी ती कशाची आहे, हे विचारा. जेड म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तू जेडच्या नसतातच, आणि ज्या असतात त्यांतल्याही बऱ्याच तेजाबातून आणि रंगातून काढलेल्या असतात. बँकॉक-हाँगकाँगच्या सहलीत बस ज्या दुकानापाशी थांबते तिथे हे कुणी सांगणार नाही.

आपल्याला सोन्याची सवय नडते. सोन्याला रोजचा भाव आहे, हॉलमार्क आहे, दागिना मोडायला नेला की वजनाप्रमाणे पैसे हातात पडतात. जेडला असा भाव नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्या दोन बांगड्यांपैकी एक काही शेकड्यांची आणि दुसरी काही लाखांची असू शकते. शिवाय जाणकार गिऱ्हाईक चीन, हाँगकाँग, तैवानमध्ये बसलेले. पुण्या-नाशिकचा सराफ ती बांगडी परत घ्यायला बहुधा राजी होणार नाही. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी ‘गुंतवणूक’ हा शब्द आला की तिथून उठावे. वस्तू आवडली म्हणून, परवडेल तेवढ्यात घ्यायला माझी ना नाही.

जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजे येतात: नेफ्राइट आणि जेडाइट. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी 1863 साली हा भेद स्पष्ट केला. चीनने हजारो वर्षे कोरले ते मुख्यतः नेफ्राइट, आणि त्यातले नामांकित पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नद्यांतले. तिथे मान पांढऱ्याला आहे. मेंढीच्या चरबीसारखा स्निग्ध दिसणारा पांढरा खडा हिरव्यापेक्षा महाग पडतो. जेडाइट ब्रह्मदेशातल्या काचिन भागातले. चीनमध्ये त्याचा ओघ वाढला तो अठराव्या शतकात. तेव्हा कुणी तुम्हाला ‘हजार वर्षांपूर्वीची चिनी मूर्ती, अस्सल जेडाइट’ म्हणून दाखवू लागला, तर दगडाचे नाव आणि सांगितलेले वय यांचाच मेळ बसत नाही.

आता नकलांकडे. हिरवे अ‍ॅव्हेंचुरिन ‘इंडियन जेड’ म्हणून विकले जाते, रंगवलेले क्वार्टझाइट ‘मलेशियन जेड’ म्हणून, सर्पेंटाइन ‘न्यू जेड’ म्हणून. नावाआधी एखादे विशेषण लागले की कान टवकारावेत. पाचूचे उपरत्न म्हणून ज्योतिषी ‘मरगज’ सुचवतात, त्या नावाखालीही यातले काहीही हातात पडू शकते. चेहऱ्यावर फिरवायचे तीनशे रुपयांचे ‘जेड रोलर’ तर मी या चर्चेत धरतच नाही.

दुकानात करून दाखवतात त्या परीक्षांवर विसंबू नका. बांगडीने काचेवर ओरखडा काढून दाखवतात. क्वार्ट्झनेही काचेवर ओरखडा उमटतो. सुरीने ओरखडा उठत नाही म्हणतात. क्वार्ट्झवरही उठत नाही. दगड गालाला थंड लागतो, हे खरे, पण काचही थंडच लागते. आणि घरी सुई तापवून टोचणे, ज्योतीवर धरणे असले प्रयोग कृपा करून करू नका. वस्तू अस्सल निघाली तरी तुम्ही ती बिघडवलेली असेल.

घरी करण्यासारखी एक परीक्षा मात्र आहे, आणि ती आर्किमिडीजइतकी जुनी आहे. धातूचे कोंदण नसलेली वस्तू घ्या. डिजिटल काट्यावर तिचे कोरडे वजन करा. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशी लोंबती धरा. चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. काट्यावर दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. समजा बांगडी 50 ग्रॅमची आहे. पाण्यात आकडा 15 आला तर भागाकार 3.33, म्हणजे जेडाइटच्या घरातला. 17 आला तर 2.94, नेफ्राइटच्या जवळपास. 19 आला तर 2.63, हा क्वार्ट्झ किंवा सर्पेंटाइनच्या वर्गातला दगड, आणि जेडच्या भावाची बोलणी तिथेच संपली. अंगठीतून काढलेल्या लहान खड्याला स्वयंपाकघरातला काटा पुरणार नाही, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लागेल. शिवाय या परीक्षेने खोटे बाद करता येते, खरे सिद्ध करता येत नाही. काच हव्या त्या घनतेची बनवता येते, आणि हायड्रोग्रॉस्युलर नावाचा एक हिरवा गार्नेट जेडाइटच्या जवळ जातो.

दगड जेडाइटच निघाला तरी निम्मेच काम झाले. या व्यापारात त्याचे ए, बी, सी असे प्रकार मानतात. ‘ए’ म्हणजे नैसर्गिक, फार तर वरून मेण लावलेला. ‘बी’ म्हणजे तीव्र आम्लात घालून तपकिरी डाग काढलेला आणि मग पोकळ झालेल्या जागांत पॉलिमर भरलेला. ‘सी’ म्हणजे रंगवलेला. ‘बी’ माल नवा असताना ‘ए’पेक्षाही देखणा दिसतो, लोक फसतात ते इथेच. काही वर्षांत पॉलिमर पिवळट पडतो, चमक उतरते, आणि आम्लाने कण सैल झालेले असल्याने दगडही कमजोर असतो. दहापट भिंगातून पाहिले तर अशा पृष्ठभागावर बारीक जाळे दिसू शकते. रंगवलेल्या दगडात रंग भेगांच्या कडेने साचलेला दिसतो. दोऱ्याला टांगलेल्या अखंड नैसर्गिक बांगडीवर टिचकी मारली तर स्वच्छ नाद येतो, पॉलिमर भरलेलीचा आवाज बद्द येतो. हे इशारे झाले. निकाल प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड तपासणीचाच मानायचा. वस्तू महाग असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून अहवाल घ्या, आणि त्यात ‘जेडाइट’ या शब्दापुढे प्रक्रियेबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. दुकानानेच छापून दिलेले रंगीत प्रमाणपत्र म्हणजे अहवाल नव्हे.

एवढे पार पडल्यावर सौंदर्य. जेडाइटमध्ये रंग, पाणी आणि पोत पाहतात. हिरवा रंग क्रोमियममुळे येतो. तो भरीव, सर्वत्र सारखा आणि दगड आतून उजळल्यासारखा पारभासक असेल तर किंमत झपाट्याने चढते. मागून टॉर्च धरून भेगा शोधा. बांगडी महाग असते, कारण ती अखंड, निर्दोष तुकड्यातूनच निघते, आणि तिला भेग गेली की किंमत कोसळते. नक्षीबद्दल एक आतली गोष्ट: कारागीर दगडातला दोष पानाफुलांच्या नक्षीखाली लपवतो किंवा कोरून काढतो. म्हणून नव्या जेडाइटमध्ये साधा, गुळगुळीत मणी पुष्कळदा कोरीव लटकनापेक्षा महाग असतो. 2014 साली हाँगकाँगच्या सदबीजच्या लिलावात अमेरिकेतल्या धनाढ्य वारसदार बार्बरा हटन यांची माळ सुमारे 2 कोटी 74 लाख डॉलरला गेली. नक्षी काहीच नाही, नुसते 27 हिरवे गोल मणी. त्या किमतीत दगडाबरोबर हटन यांचे नावही होते. तुमच्या पणजीच्या बांगडीला असे नाव नसेल, पण कधी, कुठून आली याची पावती, पत्र, जुना फोटो असेल तर जपून ठेवा. ऐकीव कथेला लिलावात मोल नाही.

जुन्या नेफ्राइटचे गणित उलटे आहे. तिथे हाताला मोल. जेड पोलादाच्या छिन्नीने कोरले जात नाही, कठीण वाळूने घासून घासून आकाराला आणावे लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शहाजहानचा 1657 चा पांढरा पेला आहे. एका टोकाला रानबोकडाचे मुंडके, तळाला कमळ, आणि भिंत इतकी पातळ की दगड आहे हे विसरायला होते. हिंदुस्थानी कारागिरीवर चीनचा चिएनलाँग बादशहा असा लुब्ध होता की त्याने तिच्यावर कविता केल्या. जुनी म्हणून दाखवलेली वस्तू हातात आली की आतली, न दिसणारी बाजू बघा: पोकळीच्या तळाला, जाळीच्या मागे घोटाई तितकीच नेटकी आहे का? यंत्राच्या हिऱ्याच्या टोकाने काढलेल्या रेघा एकसारख्या आणि करकरीत दिसतात. तपकिरी डागांवर भुलू नका, म्हातारपण भाजून आणि रंगवून आणता येते. तळाची राजमुद्राही कुणीही कोरू शकतो.

डोळा तयार करायला फार पैसे लागत नाहीत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातले जेडचे दालन एक दुपार काढून पाहा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला चिनी विभागही पाहा. नंतर बाजारातली ‘पुरातन’ डबी आपोआप नवी दिसू लागते.

आणि वस्तू खरोखरच जुनी निघाली, तर कायदा ध्यानात घ्या. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाचीला लग्नात आजीची डबी द्यायची असेल, तर ती सामानात टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का, ते पाहा.